नलूमावशींचा केसपेपर

नलूमावशी केळी आणायलासुद्धा पासपोर्ट घेऊन जातात. पिशवीत तळाशी फाइल, फाइलवर केळी. आगाशीच्या बाजारात त्यांना आजवर कुणी कागद विचारलेला नाही. तसं म्हटलं की त्यांचं उत्तर तयार असतं, "आणि विचारला तर?"

त्या आमच्या शेजारी राहतात. जन्म इथलाच, वाडीतल्या घरातला. लग्न होऊन इंग्लंडला गेल्या, चाळीस वर्षं राहिल्या, तिथल्या नागरिक झाल्या. काका गेल्यावर एकट्याच परत आल्या, तिकडचाच पासपोर्ट घेऊन. तेव्हापासून जिथे जातील तिथे एकच प्रश्न, "मी नियमात बसते ना?" देवळात महाप्रसादालाही त्यांनी हे विचारलं. वाढप्याने दोन पळ्या आमटी जास्त वाढली.

हसू येतं, पण भीती उगाच नव्हती. त्यांची आई तिकडे पाहुणी म्हणून गेली असताना आजारी पडली. तिथले सरकारी दवाखाने फुकट, पण तिथे राहणाऱ्यांना. आई कळवळत होती आणि खिडकीवरची बाई शांतपणे विचारत होती, या इथल्या आहेत का? तो प्रश्न मावशींच्या डोक्यातून गेलाच नाही. इथे आल्यावर ताप आला तरी त्या सरकारी दवाखान्याकडे फिरकल्या नाहीत. काढे पीत राहिल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी बाजारात त्यांना कुत्रं चावलं. जवळच्या डॉक्टरांनी जखम धुऊन दिली, पण त्यांच्याकडची लस संपली होती. महापालिकेच्या दवाखान्यात आजच्या आज जा, म्हणाले. मावशी घरी येऊन कडी लावून बसल्या. मी दार वाजवलं तर आतून म्हणाल्या, "ती लस इथल्या लोकांची गं. मी फसवून घेतली असं होईल. मला परत पाठवलं तर मी कुठे जाऊ?"

पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस मी लहानपणी पाहिलाय, पाण्याचा पेला बघून किंचाळणारा. ते सगळं मी त्यांना दाराबाहेरून सांगितलं, काहीही राखून न ठेवता. कडी निघाली. फाइल छातीशी होतीच.

दवाखान्यात नाव-वय सांगून केसपेपर काढायचा, एवढंच असतं. मावशींनी पासपोर्ट, इथे राहण्याच्या परवानगीचं कार्ड, काकांचा मृत्यूचा दाखला, सगळं सिस्टरच्या टेबलावर मांडलं आणि गुन्हा कबूल करावा तसं म्हणाल्या, "मी परदेशी नागरिक आहे."

सिस्टर कोळीवाड्यातल्या. त्यांनी कागदांना हातही लावला नाही.

"कुत्र्यानं पासपोर्ट बघितलेला काय? बाही वर करा. गाव कोनतं?"

मावशींनी पासपोर्ट आणखी पुढे सरकवला. मीच सांगणार होते, तेवढ्यात त्या पुटपुटल्या, "आगाशी." सिस्टरने ते केसपेपरवर लिहून घेतलं आणि सुई टोचली.

सगळे डोस वेळेवर झाले. कुत्रंही धडधाकट आहे, अजून मावशींवर भुंकतं. फाइल घेऊन फिरणं मात्र सुटलेलं नाही. परवा त्यांनी मला बोलावून ती उघडून दाखवली. सगळ्यात वर, प्लॅस्टिकच्या पाकिटात, तो केसपेपर होता.

"मी एकटी असते," त्या म्हणाल्या. "मला काही झालं तर आधी हा दाखव. पासपोर्ट मागितला तरच काढ."