कंदिल्या नाहीसा होतो

टण्.

दुपारची जेवणं उरकल्यावर घरात जी शांतता पसरते, तिच्यात एखादा चमचा पडला तरी अख्खी मांडणी कोसळल्यासारखं वाटतं. वहिनी ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिची मुलगी मुंगी टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. चमचा फरशीवर, सूपची वाटी मांडीत कलंडलेली, आणि तोंडातला घास तोंडातच.

"कंदिल्या नाहीये," ती म्हणाली.

सोफ्यावर उताणे पडलेले भाऊजी झटक्यात उठून बसले. पोटावरचं वर्तमानपत्र घसरून खाली गेलं.

"वहिनी, दार लावून घ्या. घरातून कुणीही बाहेर जायचं नाही."

घरात माणसं चार. पैकी सासूबाई आतल्या खोलीत घोरत होत्या, आणि उरलेल्या तिघांपैकी कुणाचाच बाहेर जायचा विचार नव्हता. दारही लावलेलंच होतं. वहिनीने ते पुन्हा एकदा लावल्यासारखं केलं. नवरा कामासाठी परगावी असला की धाकट्या दिराशी वाद कोण घालत बसणार?

भाऊजी गुप्तहेर होते. म्हणजे तसं त्यांचं म्हणणं होतं. नोकरी सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःची कार्डं छापून आणली होती: 'सूक्ष्मदृष्टी. शीघ्रबुद्धी. तूर्त मोकळे.' बुटाच्या नाडीवरून आपण माणसाच्या आजोबांचा स्वभाव सांगू शकतो, असं ते कुणीही न विचारता सांगत. सत्य आपल्यापासून लपत नाही, आणि कधी लपलंच तर ते लाजून, हेही सांगत. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर त्यांनी मागे अख्खी रात्र पाळत ठेवली होती. सकाळी प्लंबरने वायसर बदलला, तेव्हा भाऊजींनी सहकार्याबद्दल त्याचे आभार मानले आणि ते प्रकरण आपल्या नावावर जमा केलं. मदतनीस म्हणून वहिनीची नेमणूक त्यांनी परस्परच केली होती.

"बेपत्ता इसमाचं वर्णन?" भाऊजींनी विचारलं.

वर्णन वहिनीला तोंडपाठ होतं. कंदिल्या ज्यात होता ती जपानी कार्टूनची, अॅनिमे मालिका महिनाभर घरात रोज चालू होती. एका ड्रॅगनची आग विझलेली असते. तो आता फक्त खोकतो. त्याला पुन्हा आग मिळावी म्हणून चौघं जण त्याला दूरच्या ज्वालामुखीकडे घेऊन निघालेले असतात. एक ताडमाड योद्धा, डोक्यावर कारंज्यासारखी उभी शेंडी, तलवार पुरुषभर लांब आणि काळोखाची भीती त्याहून लांब. एक चेटकीण, जी सूप झकास करते आणि वय खोटं सांगते. एक राजपुत्र, जो ठेच लागली तर दगडाची माफी मागतो. आणि सगळ्यात खाली, योद्ध्याच्या गुडघ्याएवढा, चिचुंद्रीसारख्या तोंडाचा एक मुका जीव. तो कंदील धरतो. बस, तेवढंच करतो. त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं; मुंगीने त्याचं कंदिल्या करून टाकलं होतं.

लढाया त्या मालिकेत फारशा नव्हत्याच. चालायचं, भांडायचं, रुसायचं, सूप प्यायचं आणि पुन्हा चालायचं. "यात गुन्हाच नाही," म्हणून भाऊजींनी ती मालिका कधी धड पाहिली नव्हती. वहिनी मात्र कपड्यांच्या घड्या घालता घालता बघायची आणि एकाच फ्रॉकची घडी तीनतीनदा घालायची. त्या चौघांतलं कुणीच शूर नव्हतं, आणि तरी सगळे निघालेले होते. तिला ते पाहून बरं वाटायचं. कारण सोमवारपासून तिलाही निघायचं होतं.

मुंगी झाल्यापासून सोडलेली नोकरी पुन्हा सुरू होणार होती. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मुंगीची सोय कोपऱ्यावरच्या पाळणाघरात. हे नुसतं ऐकूनच मुंगीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. मग एके दिवशी तिचं तिनेच जाहीर केलं, की मी कंदिल्यासारखी जाईन. न रडता, न बोलता, हातात टॉर्च घेऊन. वहिनीने त्याच संध्याकाळी टॉर्च आणला.

आता मुंगीने तो टॉर्च सोफ्याखाली सरकवला.

"मी नाही जाणार सोमवारी," ती म्हणाली. "छोटे असतात ते हरवतात. आणि कुणी विचारत पण नाही."

खरंच कुणी विचारत नव्हतं. पडद्यावर योद्धा, चेटकीण आणि राजपुत्र निवांत चालले होते. वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज शनिवार. मध्ये फक्त रविवार.

भाऊजींनी तपास हाती घेतला. सगळ्यात आधी त्यांनी मालिका थांबवली आणि पडद्याला नाक लावून भिंगातून योद्ध्याची पाहणी केली. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, शेंडी कुठे आहे?"

शेंडी खरंच नव्हती. कपाळ होतं, आणि कपाळ संपलं की टीव्ही संपत होता.

भाऊजींच्या मते मामला उघड होता. योद्ध्याने कंदिल्याला काळोखात कुठेतरी गाठलं, काम तमाम केलं आणि पश्चात्तापाने किंवा वेष पालटायला शेंडी उतरवली. वहिनीने एक बारीकशी शंका काढली. ज्याला काळोखाची एवढी भीती, तो कंदीलवाल्यालाच कशाला मारेल? भाऊजी तिच्याकडे कौतुकाने पाहत राहिले. हाच प्रश्न आपण तिच्यासाठी मुद्दाम मोकळा ठेवला होता, असं म्हणाले, आणि योद्ध्याला त्यांनी सोडून दिलं.

पुढचा संशय चेटकिणीवर. मालिका थोडी पुढे नेऊन त्यांनी ती सूप ढवळते तिथे थांबवली. तिच्या सूपच्या पातेल्याचा वरचा काठ तेवढा दिसत होता, खालचा भाग दिसत नव्हता. "पातेल्याचं बूड लपवणारी बाई काय लपवत असेल?" एवढं बोलून भाऊजींनी मुंगीची पट्टी मागवली आणि सूपची पातळी मोजली. कंदिल्या होता तेव्हाच्या भागात सूप किती होतं, आता किती आहे, याची वजाबाकी ते करणार होते. त्या वजाबाकीचा अर्थ मुंगीला कुणी न सांगताच कळला. तिने असा सूर लावला की आतल्या खोलीतलं घोरणंसुद्धा क्षणभर थांबलं.

"भाऊजी, पुरे," वहिनी म्हणाली. तिने मुंगीला उचलून कडेवर घेतलं. "पोर घाबरतंय."

"घाबरणारा साक्षीदार खरं बोलतो, वहिनी."

"ती चार वर्षांची आहे."

"तेही मी टिपून घेतलंय."

मग त्यांनी टीव्हीवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीला त्यांनी आधी स्वतःची ओळख दिली, कार्डावरची आणि वर थोडी तोंडी. मग सांगितलं, की आपल्याकडून एक इसम नाहीसा झाला आहे, उंची साधारण माझ्या अंगठ्याएवढी, मुका, सोबत पेटता कंदील. मुलीने टीव्ही बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. बंद केल्यावर आतल्या बाकीच्यांच्या जिवाला धोका नाही ना, असं भाऊजींनी विचारलं. पलीकडे थोडा वेळ संगीत वाजलं. मग नुसतंच संगीत वाजत राहिलं.

"बघितलंत?" फोन ठेवत ते म्हणाले. "त्यांना बोलायचंच नाहीये. धागे वरपर्यंत गेलेत."

अंतिम निष्कर्ष त्यांनी खिडकीशी उभं राहून, हात मागे बांधून सांगितला. कंदिल्याला कुणी मारलेलं नाही. तो स्वतः पळाला. रोज सगळ्यांच्या पुढे उजेड धरायचा आणि कुणी साधं आभार मानत नाही म्हटल्यावर कोण थांबेल? एखाद्या चांगल्या मालिकेत त्याला काम मिळालं असणार, बोलायचं सुद्धा.

आतापर्यंतच्या निष्कर्षांत हा सगळ्यात वाईट होता, कारण तो मुंगीला पटला. ती रडायची थांबली. आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून तिने हळूच विचारलं, की त्याने जाताना सांगितलं का नाही. वहिनी तिची पाठ थोपटत राहिली. सोमवारी न सांगता निघून जायचं, म्हणजे रडारड होत नाही, असा सल्ला पाळणाघराच्या बाईंनी तिला दिला होता. आणि तिने मान डोलावली होती.

एवढ्यात सासूबाई उठून आल्या. त्यांचा गाण्यांचा कार्यक्रम लागायची वेळ झाली होती. त्यांनी खोलीवर एक नजर टाकली: मुलगा भिंग घेऊन उभा, सून नातीला घेऊन उभी, आणि टीव्हीवर एक बाई सूप ढवळता ढवळता थांबलेली. त्यांच्या चौकशीचा प्रश्नच आला नव्हता. घटनेच्या वेळी आई घोरत होती, हा पुरावा भाऊजींनी आधीच ग्राह्य धरला होता.

"अगं बाई, माझं मोठं केलेलं तसंच राहिलं वाटतं," असं म्हणत त्यांनी रिमोट उचलला आणि एक बटण दाबलं.

चित्र आक्रसलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. चेटकिणीच्या पातेल्याला बूड आलं. मागे उभ्या योद्ध्याच्या डोक्यावर कारंज्यासारखी शेंडी आली. आणि खाली, अगदी खाली, पातेल्याच्या शेजारी, दोन्ही हातांनी कंदील उंच धरून कंदिल्या उभा होता.

मुंगी आईच्या कडेवरून खाली घसरली.

काल रात्री बातम्या सांगणाऱ्या मुलीचं तोंड बारीक दिसत होतं, म्हणून चित्र मोठं केलं, असं सासूबाई म्हणाल्या. मोठं केलं की कडा कापल्या जातात, हे त्यांना ठाऊक होतं. बातम्यांच्या कडेला असं काय असतं, असाही त्यांचा सवाल होता.

भाऊजींनी भिंग रुमालात गुंडाळलं. "आई बटण दाबेपर्यंत मी थांबलो," ते वहिनीला म्हणाले. "घाई करणं हा आपल्या धंद्यातला सगळ्यात मोठा दोष."

मग मालिका मुंगीच्या हुकमावरून पुन्हा आजच्या भागाच्या पहिल्यापासून लावली गेली. गाण्यांचा कार्यक्रम बुडाला. सासूबाई नाखुशीने टेकल्या, आणि थोड्याच वेळात, एवढ्या लांबट्याला त्या पोराला जरा उचलून घ्यायला काय होतं, असं त्या योद्ध्याला सुनावू लागल्या. ड्रॅगन दरीच्या काठावर खोकत खोकत "तुम्ही परत जा" म्हणाला, तेव्हा भाऊजींनी डोळे पुसले आणि या खोलीत धूळ फार आहे, हे टिपून घेतलं.

मुंगी मात्र फक्त खालच्या कोपऱ्याकडे बघत होती. योद्धा दचकतो, तिथे कंदिल्या होता. राजपुत्र दगडाची माफी मागतो, तिथे दगडावर उजेड पाडायला कंदिल्या होता. ज्या ज्या जागी मघाशी नुसती टीव्हीची कड होती, त्या प्रत्येक जागी तो होता, चालत होता, मागे राहिला तर धावत होता.

तिने सोफ्याखाली हात घालून टॉर्च बाहेर काढला, आणि सरकत सरकत येऊन आईच्या मांडीवर बसली.

"आई, तो गेलाच नव्हता."

"नाही गं. तिथेच होता."

"आपल्याला दिसत नव्हता तरी?"

"तरी."

मुंगीने टॉर्च एकदा लावून पाहिला, विझवला. मग मान वर करून तिने विचारलं, "मग सोमवारी तू पण अशीच असशील ना? दिसणार नाहीस, पण तिथेच?"