अख्खी लादी

मी दहावीला विज्ञान शिकवतो. त्यामुळे उष्णता माझ्या परवानगीशिवाय इकडची तिकडे जाणार नाही, असा माझा ठाम समज होता!

माझ्या धाकट्या बहिणीचं, उर्वशीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. ऐन मे महिना, फुलसावंगीत शेहेचाळीस डिग्री, आणि पाहुणे येणार थेट नेरहून. आधीची दोन स्थळं अशीच हातातून निसटली होती, म्हणून आमचे बाबा, पंजाबराव, सारखे बजावत होते, "संघदीप, पाव्हन्याईले शरबत थंडगार पाह्यजे. इंद्रजितसारखा पोरगा पुन्हा भेटत नाही."

"बर्फाचं माझ्यावर सोडा!" मी म्हणालो. घात झाला तो इथेच.

आमच्या मोहल्ल्यातल्या नागोरावच्या ऑटोतून मी ढाणकीला बर्फाच्या कारखान्यात गेलो. बर्फवाल्याने टोचा उचलला. "फोडून देऊ ना?"

"छे! तुकडे केले की चारी बाजूंनी हवा लागते, बर्फ लवकर वितळतो. अख्खी लादी द्या!"

त्याचा आवाज एकदम खाली आला. "घरी न्यायची हाय?"

"हो. बाबांच्या खाटेवर ठेवायची."

"अरेरे," तो म्हणाला आणि लादी उचलायला स्वतः पुढे आला. मला वाटलं, विज्ञानाला केवढा हा मान! लग्नकार्याला बर्फ फोडून पोत्यात नेतात, आणि अख्खी लादी उन्हाळ्यात फक्त मयताच्या घरी जाते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं हो! एरवी कान फुटेपर्यंत गाणी वाजवणारा नागोराव परतताना चिडीचूप होता. मधूनच डोळे पुसायचा. मी म्हटलं, धूळ गेली असेल.

घरी आलो तेव्हा बाबा दाढी करायला महागावला गेले होते. लाकूड उष्णतेचं दुर्वाहक, म्हणून लादी त्यांच्या लाकडी खाटेवर ठेवली. त्यावर पोती, आणि पोत्यांवर बाबांची जाड गोधडी. ते पाहून माझी बायको, ममता, कडाडली, "बर्फाले गोधडी? अहो, सारा पघळून जाईन ना!"

"गोधडी स्वतः गरम नसते! ती बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही, एवढंच."

"तुमचं तुमच्यापाशी ठेवा," म्हणत ती मावशीकडे ग्लास मागायला निघून गेली. मी अंघोळीला गेलो.

अंगावर दोन तांबे पडले नाहीत तोच ओसरीत हंबरडा! टॉवेल गुंडाळून धावत आलो, तर अर्धा मोहल्ला जमलेला. नागोराव कोपऱ्यात हात जोडून उभा. शेजारच्या प्रभावतीकाकू ऊर बडवत होत्या.

"काकू, अहो, तो बर्फ आहे!"

"हो रे बापा, बर्फ त ठेवाच लागते. उन्हाचे दिवस हायेत."

"आणि गोधडीला हात लावू नका, उष्णता आत जाईल!"

काकूंनी शेजारणीकडे पाहिलं. "पोराच्या डोक्यावर असर झाला वं, माय!"

तेवढ्यात उर्वशी पार्लरमधून नटूनथटून आली. "बाबाऽऽ! सकाळी त चांगले होते!" काजळ हनुवटीपर्यंत उतरलं.

"अगं, बाबा महागावला गेलेत!"

"पाहा, महागावले गेले म्हनते!" काकूंनी नवा सूर लावला. मी घाईघाईने बाबांना फोन लावला. तो खाटेवरच्या उशीखाली वाजला! रडणं दुप्पट झालं. खरं सांगतो, क्षणभर मलाही रडू आलं.

उष्णता तीन रीतींनी जाते, हे मी मुलांकडून घोकून घेतो. गावाने तिन्ही वापरल्या. बायका गोधडीला मिठ्या मारून रडू लागल्या, हे झालं वहन. नागोरावने कुठून तरी उभा पंखा आणून गरम हवेचा झोत सोडला, हे अभिसरण. आणि ओसरीत गर्दी मावेना म्हणून चौघांनी खाट उचलून अंगणात नेली, भर उन्हात! प्रारण! मी टॉवेल सावरत ओरडत होतो, "सावलीत ठेवा! अरे, सावलीत ठेवा!"

"रडू द्या त्याले," लोक म्हणाले. "मन हलकं होईन."

नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली. आम्हां बौद्धांत मंगलकार्याला पांढरं घालतात, म्हणून सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हातात हार.

"नेरपर्यंत खबर गेली बघा!" लोकांनी वाट करून दिली. इंद्रजितचे वडील पार गोंधळले. त्यांनी चपला काढल्या आणि उर्वशीसाठी आणलेला हार गोधडीवर वाहिला. संपलं! उर्वशीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत त्या गोधडीवर मेलं होतं. हाराच्या वजनाने गोधडी फसकन खाली बसली आणि खाटेखाली पाण्याचा लोट आला.

नागोराव किंचाळला, "पंजाबराव आटून राह्यले!"

"कोन आटून राह्यलं?" फाटकातून आवाज आला. गुळगुळीत दाढी केलेले बाबा, हातात लिंबांची पिशवी!

पुढे कोण कुठून पळालं ते मला सांगता येणार नाही. ममता ग्लास घेऊन परतली, तेव्हा अंगणात काकू बेशुद्ध आणि मी टॉवेलवर. तिने शांतपणे गोधडी उचलली. आत विटेएवढा बर्फ उरला होता.

"म्हटलं होतं ना," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "गोधडीनं पघळते म्हनून!"

अख्ख्या गावाने माना डोलावल्या. 

शरबत कोमट झालं. इंद्रजितच्या वडिलांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.  

"शुभ-अशुभ आमी मानत नाही," ते म्हणाले. "पोरगी पसंत हाय. बापासाठी एवढी रडते, त घर सांभाळीन. फक्त लग्नात बर्फाचं आमच्याकडं राहू द्या. मास्तराईले तरास नको."

लग्न झालं. बर्फ त्यांनी फोडून पोत्यात आणला. शरबत दात शिवशिवतील इतकं थंड होतं.

शाळा सुरू झाल्यावर मी नेहमीचा पाठ घेतला. "मुलांनो, गोधडीत गुंडाळलेला बर्फ उशिरा वितळतो."

 मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मंग तुमचे बाबा काहून आटले?"