चारशे आठ किलोंच्या आत

कोणत्याही सभ्य समाजाची उभारणी परस्परविश्वासावर होते. लिफ्टची मात्र लोखंडी दोरावर होते, आणि दोराला सभ्यता शिकवायची सोय अजून झालेली नाही.

कात्रजच्या एका सात मजली सोसायटीची लिफ्ट एका महिन्यात दोनदा अडकली, तेव्हा सेक्रेटरी बापूराव कुंटे यांनी हे प्रकरण हातात घेतले. बापूराव निवृत्त गणित शिक्षक. लिफ्टमधली पाटी त्यांनी चष्मा वर करून वाचली : 'सहा व्यक्ती, ४०८ किलो'. इतरांना ती पाटी वाटली, बापूरावांना गणितातली असमानता दिसली. आत शिरणाऱ्यांच्या वजनांची बेरीज चारशे आठपेक्षा जास्त नसावी, एवढीच अट. ती पाळणाऱ्या सर्व गटांचा, म्हणजे उकलींचा, संच काढून नोटीस बोर्डावर लावला की प्रश्न मिटला.

त्यासाठी प्रत्येक सभासदाने आपले वजन लिहून द्यावे, असे ठरले. (वजनकाटा आणण्याची सूचना 'हा अविश्वास आहे' म्हणून एकमताने फेटाळली गेली.) तेवढ्यात कोणीतरी चारशे आठला सहाने भागले आणि अडुसष्टच्या वर असणाऱ्यांना जिना दाखवणार, अशी कुजबुज झाली.

बापूरावांचे स्वतःचे वजन शहाऐंशी. पण ते सगळे त्यांचे नव्हते. चष्मा, कपडे, नुकतेच झालेले जेवण हे बाहेरचे. शिवाय शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असते आणि ते खडकवासला धरणाचे, म्हणजे सार्वजनिक मालकीचे. यातले जेमतेम एकोणीस किलोच वजा करून त्यांनी सदुसष्ट लिहिले आणि आपण फार चोख माणूस आहोत असे त्यांना वाटले.

फॉर्म जमा झाल्यावर सोसायटी एका आठवड्यात सुमारे दीड टनाने हलकी झाल्याचे आढळले. एकशे बत्तीस रहिवाशांपैकी बरोबर सदुसष्ट किलोचे एकोणचाळीस निघाले. अडुसष्टच्या वर एकच : सातव्या मजल्यावरच्या हुस्नबानू, एकाहत्तर किलो. त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या आणि तिथल्या नर्सने त्यांना काट्यावर उभे करून आकडा लिहिला होता. (आठ महिन्यांच्या अर्णवचे वजनही खरे होते, कारण तो फॉर्म लसीच्या कार्डावरून भरला होता.)

बापूरावांनी रात्रंदिवस बेरजा करून सिद्ध केले की, कोणतेही सहा जण घ्या, बेरीज चारशे आठच्या आतच राहते. उकलींच्या संचात अख्खी सोसायटी बसत होती. गणितात असे सुख क्वचित मिळते.

गुरुवारी सकाळी हुस्नबानू घरी आल्या. डॉक्टरांनी बजावले होते की पंधरा दिवस जिना नको. त्यांचा मुलगा मैनुद्दीन चाकाची खुर्ची ढकलत होता, सून जिनत पिशव्या सांभाळत होती. स्वागताला चेअरमन दीपालीताई होत्या, भाजी घेऊन पाचव्या मजल्याचे बद्रीनाथ आले आणि सिद्धांताची प्रचीती घ्यायला बापूरावही आत शिरले. सहा माणसे आणि अठरा किलोची खुर्ची. तक्त्याप्रमाणे तीनशे त्र्याण्णव.

लिफ्ट केकाटू लागली. दार मिटेना.

"पंधरा किलो शिल्लक आहेत," बापूराव लिफ्टला म्हणाले.

लिफ्ट केकाटतच राहिली.

"कोणीतरी एक उतरा ना," जिनत म्हणाली आणि स्वतः खुर्चीला आणखी चिकटून उभी राहिली.

"उतरायला हरकत नाही हो," दीपालीताई म्हणाल्या, "पण मी चोपन्न. माझ्यानं काय फरक पडणार?"

मैनुद्दीनने पाऊल उचलले. मागून बद्रीनाथ म्हणाले, "म्हणजे फॉर्मवरचं चौसष्ट खरं नव्हतं वाटतं?" पाऊल जागच्या जागी परत आले.

"सर, तुम्ही?" दीपालीताईंनी विचारले.

"मी उतरलो तर सिद्धता कोसळेल," बापूराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर खडकवासला दाटला होता.

वीस मिनिटे गेली. पाचांपैकी कोणीही एक उतरला असता तरी भागले असते. हे पाचही जणांना ठाऊक होते, म्हणून पाचही जण छताकडे बघत होते.

शेवटी हुस्नबानू खुर्चीचे दांडे धरून उठल्या.

"अम्मी, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी जिना नको म्हटलंय, इथं बसून म्हातारी हो असं नाही म्हटलं. सर, तुमचं गणित अगदी बरोबर आहे. चूक माझी. मी खरं वजन लिहून बसले."

त्या बाहेर पडल्या. लिफ्ट गप्प झाली, दार मिटले आणि रिकामी खुर्ची पाच सशक्त माणसांच्या बंदोबस्तात सातव्या मजल्याकडे निघाली. खालून जिन्याच्या कठड्याला घासणाऱ्या बांगड्यांचा आवाज येत होता. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी बापूरावांनी सभेचे इतिवृत्त लिहिले : 'लिफ्ट निर्दोष आढळली. श्रीमती हुस्नबानू यांनी चूक मान्य केली, समितीने मोठ्या मनाने माफ केली. पुढे ज्यांचे वजन खरे असेल त्यांनी जिना वापरावा.' ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. हुस्नबानू सभेला नव्हत्या. सभा तळमजल्यावर होती.

हसू आवरले असेल तर एक करा. आपले वजन मनातल्या मनात म्हणा. म्हटलेत? बसते की तक्त्यात. या, निःसंकोच आत या. जिन्याने कोणीतरी जाईलच.