लोंबत्या वायरीचं दुसरं टोक

"वायर ओळखायला मला डोळे लागत नाहीत, नुसती बोटं पुरतात!" असं धोंडिराम सरवदे दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. चौतीस वर्षं घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजात काढलेला माणूस. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी रस्त्यात केबलचा खड्डा दिसला की त्यांचे पाय आपोआप थांबत आणि खड्ड्यातल्या माणसाला दोन सूचना केल्याशिवाय पुढे सरकत नसत. त्यामुळे चारकोपच्या त्यांच्या सोसायटीने दोन्ही विंगांसाठी मिळून इंटरनेटची फायबर लाइन घ्यायची ठरवली, तेव्हा सेक्रेटरी अनिरुद्ध कर्णिकांनी देखरेख सरवदेंच्या गळ्यात घातली.

"तुम्ही असल्यावर मला बघायलाच नको, सरवदे."

"तुम्ही निवांत झोपा, कर्णिकसाहेब. आयुष्यभर तांब्याच्या तारा खेळवल्यात आपण. ही तर काचेची!"

शनिवारी सकाळी इंटरनेट कंपनीची चेतना आली. पंचविशीची, पाठीवर सॅक, बोलणं तुकडा पाडल्यासारखं. ए विंगच्या तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस होतं. तिथे भिंतीवर तिने एक पेटी ठोकली आणि आत वहीएवढा काळा स्विच बसवला. बाहेरचं नेट या स्विचमध्ये येणार, इथून ए विंगच्या घरोघरी वायरी जाणार आणि एक पिवळी फायबर थेट बी विंगच्या दुसऱ्या स्विचला. सरवदे मागे हात बांधून परीक्षक म्हणून उभे.

फायबर जोडली, पण दिवा काही लागेना.

"टोकात कचरा असेल. फुंकर मारू का?"

"काका, फुंकर नको! आणि टोकात डोळा घालून बघू पण नका!"

चेतनाने फायबरचे दोन्ही धागे काढले आणि अदलाबदल करून लावले. टिक! हिरवा दिवा.

"एका धाग्यातून बोलायचं, दुसऱ्यातून ऐकायचं," ती म्हणाली. "मघाशी दोन्हीकडचे स्विच एकाच धाग्यात बोलत होते. ऐकत कुणीच नव्हतं."

"म्हणजे आमच्या जनरल बॉडी मीटिंगसारखं!"

चेतना पहिल्यांदा हसली. निघताना मात्र पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "आज फक्त चालू केलंय. बाकीचं सेटिंग सोमवारी करते. तोपर्यंत कशाला हात लावू नका हां, काका."

हात लावू नका! आणि हे कुणाला?

सरवदेंना त्या दिवशी नेटची काळजी होती, त्याला कारणही होतं. त्यांच्या मुलीचा, शीतलचा, दुपारी चार वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. वांद्र्याच्या मोठ्या इन्शुरन्स कंपनीत. तिचं जुनं ऑफिस जूनमध्ये बंद पडलं होतं. तेव्हापासून पोरगी घरात हसतखेळत वावरायची, पण डबा भरायची वेळ झाली की विनाकारण ओटा पुसत बसायची. सरवदेंना ते दिसायचं. "नवीन लाइन येतेय, जुनं कनेक्शन कशाला?" असं म्हणून त्यांनीच कालच घरचं जुनं नेट कापायला लावलं होतं.

म्हणून सव्वातीनला ते एकदा नजर टाकायला ऑफिसात आले. सगळं झकास चाललं होतं. फक्त एक गोष्ट डोळ्यांत खुपली. एका वायरचं एक टोक स्विचमध्ये खोचलेलं आणि दुसरं नुसतंच खाली लोंबतंय, लेंग्याच्या सुटलेल्या नाडीसारखं!

"आजकालची पोरं," सरवदे पुटपुटले. "काम अर्धवट टाकून जातात."

शेजारचं भोक रिकामंच होतं. त्यांनी ते टोक त्यात बसवलं. टक्!

आणि काय सांगावं! इतका वेळ सुस्त लुकलुकणारे सगळे दिवे एका दमात थडथडायला लागले. गणपतीच्या मखरातल्या माळा झक मारतील! सरवदेंनी धावत जाऊन कर्णिकांना आणलं.

"बघा स्पीड!"

"वा!" कर्णिकांनी फोटो काढला. "नुसता हात फिरवलात आणि हा फरक?"

"हाताचाच तर खेळ आहे, साहेब."

त्याच मिनिटाला सोसायटीतल्या बत्तीस घरांचं नेट गचकलं.

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर शांताबाई आपल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. किरण दुबईला नोकरीला. त्याने भाकरीचा घास तोंडात घातला आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. एक गाल फुगलेला, एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं.

"किरण? अरे किरण!... अगं बाई, माझ्या पोराला लकवा मारला!"

इकडे सरवदेंचा फोन वाजला. शीतल.

"पप्पा, नेट गेलं!"

"जाईल कसं? इथे दिवे बघ कसे पळतायत!"

"दिवे पळू देत, पप्पा! इंटरव्ह्यूला अर्धा तास राहिलाय! आणि घरात मोबाइलवर नुसता फोन लागतो, नेट नाही, तुम्हाला माहितीय!"

सरवदे पेटीकडे वळले. त्यांनी स्विच बंद करून चालू केला. नेट शिंक यावी तसं आलं आणि गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्यांच्या अनुभवी डोक्याने निदान केलं: बी विंगवालेच सगळं नेट ओढतायत! पंप लावून पाणी ओढतात तसं! त्यांनी बी विंगची पिवळी फायबर उपटली. ए विंगला तरीही काही मिळेना. उलट आपल्या स्विचचा दिवा विझलेला बघून बी विंगचे सात-आठ जण ऑफिसात घुसले.

"आमची लाइन कुणी तोडली?"

"तुम्हीच नेट खेचता!"

"नेट काय बादलीने खेचतात काय हो?"

या गोंगाटात शांताबाई पदर सावरत, रडत खाली आल्या. "अॅम्ब्युलन्स बोलवा रे कुणीतरी!"

आणि चमत्कार बघा, सायरन वाजवत अॅम्ब्युलन्स गेटमधून आत शिरलीच! दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली.

"शांताबाई कोण? लकव्याची पेशंट?"

"मीच शांताबाई. पण पेशंट मी नाही हो, माझा मुलगा!"

"बरं. कुठाय तो?"

"दुबईला."

स्ट्रेचरवाल्याने सोबत्याकडे बघितलं. "मावशी, दुबई आपल्या एरियात येत नाही."

झालं होतं असं, की तिकडे किरणच्या स्क्रीनवर आईही थिजली होती. डोळे विस्फारलेले, जबडा उघडा. त्याने आकांताने कांदिवलीतल्या मित्राला फोन केला आणि मित्राने अॅम्ब्युलन्स धाडली होती. म्हणजे दोघांनाही एकमेकांचा लकवा दिसला होता!

पावणेचार. शीतल लॅपटॉप छातीशी धरून, मोबाइलची रेंज शोधत जिने चढत गच्चीवर निघाली. तिने खाली वाकून वडिलांकडे बघितलं. सरवदेंना चार शिव्या चालल्या असत्या, ते बघणं नाही. त्यांनी मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन चेतनाला फोन लावला. ती सांताक्रूझला दुसऱ्या कामावर होती.

"काका, सगळे दिवे एकदम जोरात थडथडतायत का?"

"हो. फार छान."

"छान नाही ते! एखाद्या वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलीयत का बघा. मग डेटा गोल गोल फिरत बसतो, बाहेर पडतच नाही. मी एक वायर लोंबती ठेवली होती, सोमवारी येणाऱ्या कॅमेऱ्याच्या मशीनसाठी."

सरवदेंनी पेटीकडे मान वळवली.

"...बघतो," ते शेवटी म्हणाले. आवाज कुणा तिऱ्हाइताचा वाटला.

त्यांनी हळूच ते टोक काढलं, तसं चेतनाला फोनवरच कळवलं आणि पिवळी फायबर परत बसवली. दिवे शांत झाले. दोन मिनिटांत वरून कुणीतरी ओरडलं, "आलं रे आलं!" शांताबाईंचा फोन वाजला. स्क्रीनवर किरण, तोंड सरळ. मायलेकं एकमेकांना शिव्या देत रडली. अॅम्ब्युलन्सवाले चहाला थांबले आणि चारनंतर दुसरा कॉल आला तसे सायरन वाजवत निघाले.

साडेचारला शीतल गच्चीवरून उतरली. घामाघूम, पण चेहरा फुललेला.

"मध्येच सायरन वाजला, पप्पा. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मावशींसाठी अॅम्ब्युलन्स आली होती, पण मावशी ठणठणीत आहेत. सगळे हसायलाच लागले! पुढे गप्पाच झाल्या. बुधवारी प्रत्यक्ष भेटायला बोलावलंय!"

सरवदेंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

कंपाउंडमध्ये वडापाव आले. दोन्ही विंगा एकत्र बसल्या. कर्णिकांनी खुर्चीवर चढून जाहीर केलं, "आज सरवदेंनी बोटांच्या जोरावर सोसायटी वाचवली!" टाळ्या पडल्या. सरवदेंनी हातातला वडापाव खाली ठेवला. चौतीस वर्षांत खोटा रिपोर्ट कधी लिहिला नव्हता. ते उभे राहिले, खाकरले, "मंडळी, खरं म्हणजे..." म्हणाले, आणि तेवढ्यात सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम टिणटिणले. कर्णिकांनी सकाळीच चेतनाला सोसायटीच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं.

सगळे फोनवर वाकले.

"कुणाचा मेसेज रे?" शांताबाईंनी विचारलं. "माझा चष्मा वर राहिलाय. अहो सरवदे, तुम्ही उभेच आहात, मोठ्याने वाचा ना जरा!"

सरवदेंनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "काकांनी स्वतःच लावलेली वायर स्वतःच काढली आहे. आता कृपया काकांना ऑफिसची चावी देऊ नये."