बाटलीला हिंगाची धुरी

जळक्या रबराचा वास आला तेव्हा दत्तात्रय अंगणात बाजेखाली डोकं घालून विजूची चुसनी शोधत होता. चार महिन्यांच्या विजूला ती चोखण्यापेक्षा फेकण्यातच जास्त गोडी होती. आणि चुसनी एकदा जमिनीला लागली की उकळल्याशिवाय परत तोंडात द्यायची नाही, असा उर्मिलाचा नियम होता.

"अहो, स्टोव्हकडे लक्ष ठेवा म्हटलं होतं ना मी?" उर्मिला आतून ओरडली.

दत्तात्रय उठला तो बाजेच्या लाकडावर डोकं आपटूनच. स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत पातेल्यातलं पाणी उडून गेलं होतं. काचेची बाटली उभी तडकली होती आणि दुधाची दोन्ही रबरं पातेल्याच्या बुडाला चिकटून काळी झाली होती.

"काय जाळून राहिला रे?" देवकाबाई, म्हणजे दत्तात्रयची आई, पदर नाकाला लावून दारात उभी राहिली. "मेलेल्या टायराचा वास येऊन राहिला गल्लीभर!"

दत्तात्रय सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू होता. स्वभावाने गरीब, पण एका जागी बसणं त्याला जमत नसे. जेवतानासुद्धा तो दोनदा उठून दाराची कडी पाहून येई. सध्या तर त्याच्या पायाला भिंगरीच लागली होती, कारण जुलै तोंडावर आला होता. उर्मिला रामाकोन्याच्या शाळेत मास्तरीण होती. तिची रजा संपत आली होती आणि शाळा उघडल्याच्या दिवशी ती हजर झाली नाही तर तिची जागा दुसऱ्या बाईला देऊ, असं वरून स्पष्ट कळवण्यात आलं होतं. नोकरी तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. ती सकाळी खांद्याला पिशवी अडकवून बसकडे निघाली की दत्तात्रयला मनातून फार अभिमान वाटे. तिने घरी बसावं ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. पण ती शाळेत जायची तर विजूने बाटलीने दूध प्यायला हवं होतं, आणि बाटली साफ कशी करायची यावरून घरात उभी फूट पडली होती.

"नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, उकळत्या पाण्यात चांगली खळखळू द्यायची," उर्मिला म्हणे.

"आमच्या टायमाले बोंडलं होतं पितळेचं. राखेनं घासलं का झालं," देवकाबाई म्हणे. "हा दत्तू का मेला काय त्यानं?"

दत्तात्रयच्या मते हा प्रश्न सासू-सुनेचा होता. आपण फक्त मध्ये उभं राहायचं आणि इकडचा निरोप तिकडे द्यायचा, एवढंच आपलं काम, असं तो धरून चालला होता.

रबरं जळाली म्हणून पांढुर्ण्याला निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी उर्मिलाचा भाऊ प्रभाकर नव्या बाटल्या घेऊन हजर झाला. त्याचं तिथे औषधाचं दुकान होतं, त्यामुळे तो नुसत्या बाटल्या घेऊन येणं शक्यच नव्हतं.

"भाऊजी, ही उकळाउकळी आता कोणी करून नाही राहिलं," तो गोळ्यांची डबी पुढे करत म्हणाला. "पाण्यात गोळी टाका, बाटली बुडवून ठेवा, काम खतम!"

घमेलंभर पाण्यात बाटली, रबर आणि चुसनी रात्रभर बुडाली. सकाळी विजूने पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की समोरच्या घरची शकुबाई भाकरीचं पीठ हाताला लागलेलंच धावत आली. देवकाबाईने बाटली नाकाशी नेली.

"हा त नळाच्या टाकीतल्या पावडरचा वास हाये!"

"वास येतो थोडा. साध्या पाण्याने विसळून घ्या," प्रभाकर म्हणाला.

"साध्या पाण्याने विसळली तर पाण्यातले जंतू परत लागतील ना, दादा?" उर्मिलाने विचारलं.

"मग उकळलेल्या पाण्याने विसळ."

"विसळायला पाणी उकळायचंच आहे, तर बाटलीच उकळली तर काय बिघडलं?"

प्रभाकरने डबीतला कागद काढून पुढून वाचला, मागून वाचला, आणि दुपारच्या बसने निघून गेला.

पुढचे दिवस दत्तात्रयने येरझारा घालण्यात काढले. कचेरीत फाईल उघडावी तर पुढ्यात बाटली दिसे. जमिनीच्या एका उताऱ्यावर शेतमालकाच्या जागी तो विजूचं नाव लिहून बसला. अशात एका सुट्टीच्या दिवशी तो गच्चीवर गेला, तर आई लोणच्याच्या बरण्या उन्हात धोतरावर उलट्या मांडत होती. बाजूला निखाऱ्यावर हिंग तडतडत होता. ते पाहून दत्तात्रयच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"आई, बरण्या काहून वाळवून राहिली?"

"काहून म्हणजे? ओली राह्यली त बुरशी धरते."

"आन् हिंगाची धुरी?"

"धुरीनं आतलं जे काई असन थे मरते. येवढा बाप झाला, तुले येवढंही मालूम नाई?"

"मंग बाटलीचंही असंच हाये, आई! बाटलीतही डोळ्याले न दिसणारी बुरशी असते. थे मेली पाह्यजे. बाटली म्हणजे पोट्ट्याची बरणीच समज."

देवकाबाईचा हात थांबला. "असं व्हय? मंग सूनबाई थे निरजंतुक का काय, थे काहून सांगून राहिली होती? बरणी म्हटलं असतं त मी पहिल्याच दिवशी समजली असती!"

आपण जन्मात प्रथमच काही हुशारी केली, या आनंदात दत्तात्रय जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला. पण आईने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती अर्धी ठेवत नाही, याचा त्याला विसर पडला होता. दुसऱ्या दिवशी तो कचेरीतून आला तेव्हा बाटलीला ऊन दाखवून झालं होतं, हिंगाची धुरी देऊन झाली होती, तोंडाला पांढरं फडकं बांधून ती वरच्या फळीवर कैरीच्या आणि मिरचीच्या बरण्यांच्या मधोमध बसवून झाली होती. चुसनीलाही धुरी मिळाली होती. विजूने ती तोंडात घेतली आणि त्याला शिंकांवर शिंका आल्या.

उर्मिलाने गुपचूप बाटली उतरवली, उकळली आणि पुन्हा तसंच फडकं बांधून ठेवली. पण देवकाबाईची नजर गाठीवर गेली.

"कोनं हात लावला?"

"मी. नुसती उकळून घेतली, आई."

"तुवं? मागच्या साली तुह्या हातचं लोणचं दिवाळीच्या आत बुरसलं, विसरली का?"

लोणचं हे हातावर असतं, यावर त्या भागात कोणाचं दुमत नव्हतं. एखाद्या बाईच्या हातचं तीन उन्हाळे टिकतं, एखादीच्या हातचं पाऊस पाहत नाही. पण ही गोष्ट सुनेच्या तोंडावर सहसा कोणी बोलत नसे. उर्मिलाचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे माझ्या हाताने माझ्याच पोराला बुरशी लागेल?"

"पोट्ट्याचं कोन बोलून राहिलं? मी बाटलीचं बोलून राहिली."

"बाटलीला हात लावायचा नसेल तर मी शाळेतही जात नाही! विजूला घेऊन पांढुर्ण्याला जाते!" आणि तिने खोलीतली ट्रंक फरफटत दारात आणून ठेवली.

दत्तात्रय ट्रंकेपाशी गेला, तिथून आईपाशी गेला, तिथून परत ट्रंकेपाशी आला.

"उर्मिला, तू जाऊ नको. आई, तू असं बोलू नको. म्हणजे, तुझंही बरोबर आहे. पण हिचंही..."

"तू आंधी एका जागी उभा राह्य!" देवकाबाई म्हणाली. तिने फळीच्या कोपऱ्यातून एक लहान बरणी काढली आणि झाकण उघडून दोघांपुढे धरली. आत मुरून काळं झालेलं लिंबाचं लोणचं होतं. "हे कोनं कालवलं होतं? दत्तूनं. माहा हात मोडला होता तवा. अजून पाह्य कसं हाये! या घरात हात असन त याचाच हाये. बाटली यानंच उकळावं, यानंच भरावं, यानंच पाजावं. पोट्ट्याले मी पाहीन, पण बाटलीले मीही हात लावणार नाई."

उर्मिलाचा हात ट्रंकेच्या कडीवर होता. तिने वाकून बरणीतल्या लोणच्याचा वास घेतला.

"पण हिंगाची धुरी नाही. नुसतं उकळायचं," ती शेवटी म्हणाली.

"राहू दे धुरी," देवकाबाई म्हणाली.

विजू जन्मल्यापासून या दोघींनी एका गोष्टीला मान डोलावल्याचं दत्तात्रय पहिल्यांदाच पाहत होता. त्याला इतकं हायसं वाटलं, की उकळण्यापासून पाजण्यापर्यंत तिन्ही कामांना आपलंच नाव लागलं आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. पहिल्या दिवशी विजूने दूध त्याच्या सदऱ्यावर सोडलं, दुसऱ्या दिवशी चष्म्यावर. तिसऱ्या दिवशी दत्तात्रय अस्वस्थ होऊन त्याला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागला, आणि चालता चालता विजू गटागटा अख्खी बाटली प्यायला. बसून पाजलं की थुंकायचा, चालत पाजलं की प्यायचा. दत्तात्रयला 'जरा एका जागी बस' म्हणणारं घरात आता कोणी उरलं नाही.

शाळा उघडली. उर्मिला रामाकोन्याच्या बसमध्ये चढली. खिडकीतून तिने हात हलवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि खाली उभ्या दत्तात्रयचेही. मग दिवसभर तो कचेरीतून घरी आणि घरून कचेरीत सायकल मारत राहिला.

"काय हो दत्तात्रय, घरी आग लागली का?" बडे बाबू भगवंतरावांनी विचारलं.

"नाही साहेब, पाणी चढवून आलोय," असं म्हणून तो परत पळाला.

संध्याकाळी विजूला झोपवून दत्तात्रय बाजेवर टेकला. उर्मिला आली होती, जागा तिची पक्की झाली होती, पोरगं दिवसभर पोटभर दूध प्यायलं होतं. आपण घर सावरलं, असं समाधान त्याच्या अंगभर पसरत होतं. इतक्यात स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. तो उठून पाहायला गेला.

परातीत कैरीच्या फोडींचा ढीग होता. उर्मिलाचे हात कोपरापर्यंत तिखट-मोहरीने माखले होते आणि देवकाबाई वरून तेल सोडत होती.

"खालून वर घे, बाई. अशीच कालव. तुह्या हातचं कसं मस्त टिकते."

दत्तात्रय दारातच थबकला. "आई! हिच्या हातचं तर बुरसते ना?"

"कोन म्हणते?" देवकाबाई तेलाची धार न मोडता म्हणाली. "मागच्या साली फळीच्या वर छपराचं कवेलू गळत होतं, बरणीत पाणी गेलं. त्यात इचा का दोष?"

दत्तात्रयने उर्मिलाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती, पण खांदे हलत होते.

"मग तू पांढुर्ण्याला निघाली होतीस ती? ट्रंक?"

"रिकामी होती," उर्मिला म्हणाली. "तुम्ही एवढ्या चकरा मारल्या, पण एकदाही उचलून नाही पाहिली."

आत विजू जागा झाला आणि रडू लागला. सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं आणि तिखटाने माखलेले, तेलाने निथळणारे चारही हात एकदमच वर करून दत्तात्रयला दाखवले.

"जा रे बाप्पा लवकर," देवकाबाई म्हणाली, "त्याले तुह्याच हातचं लागते."