सावलीचं तिकीट पन्नास रुपये

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. मार्चचं ऊन, वसमतच्या आमच्या कॉलेजचं मैदान, आणि कळमनुरीच्या संघाशी फुटबॉलचा सामना. घाम आला? नाही? मग तुम्ही पंख्याखाली बसलाय. पंखा बंद करा आणि पुन्हा कल्पना करा!

प्राचार्य शेषरावांनी आधीच मला दम भरला होता, "गुरुजी, या खेपेला तिकिटं खपून मैदान भरलं न्हाई तर फुटबॉल बंद! मैदान लग्नांना देऊन टाकतो!"

आमचा गोलकीपर अफरोज दाराशीच उभा होता. त्याचं तोंड वाळल्या भेंडीसारखं झालं. माझं डोकं तापलं!

"तिकिटाचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "जन्मभर गणित शिकवलंय मी!"

आता सांगा, घरच्या मैदानावर माणूस काहून येतो? आपलं पोरगं खेळतंय म्हणून, आणि कळमनुरीवाले हरताना बघायला मिळतात म्हणून. मग घरी काहून बसतो? उन्हापायी! म्हणून मी सावलीच विकायला काढली. सामना सकाळचा, म्हणून पूर्वेच्या कडुलिंबाखाली पन्नास रुपये, समोर उन्हात दहा.

सकाळीच मैदान जत्रेसारखं भरलं! मी मिशीला पीळ दिला.

आणि सत्कार सुरू झाले. संस्थेच्या अध्यक्षांचा, मग त्यांच्या मेव्हण्याचा, मग मेव्हण्याच्या मित्राचा! अध्यक्ष फुटबॉलवर बोलायला उठले आणि सोयाबीनच्या भावावर जाऊन पोचले. इकडं सूर्य काही सत्काराला थांबला नाही. उन्हं कलली. लिंबाची सावली भिंतीपलीकडं गेली. तिथं दोन शेळ्या निवांत बसल्या, बिनतिकिटाच्या! आणि कॉलेजच्या इमारतीची सावली पडली ती थेट दहा रुपयेवाल्यांवर!

पद्माबाई पदर खोचून आल्या. "गुरुजी, माझी पन्नासाची सावली कुठाय?"

"बाई, सूर्य काय माझ्या हातात आहे?"

"मंग तिकीट काहून फाडलं?"

पन्नासवाले मैदान तुडवत पलीकडं निघाले. दहावाले बाह्या सारून उभे राहिले. "हिकडं न्हाई यायचं! सकाळपासून आमी तळून राहिलो, तवा तुमी ताक पिऊन राहिले व्हते!"

मैदानाच्या मधोमध अशी जुंपली की पंच शिट्टी फुंकून फुंकून वांग्यासारखा जांभळा झाला. अफरोज गोलात एकटाच. "गुरुजी, खेळायचं कवा?"

तेवढ्यात शेषराव माइकवर गरजले, "हा गोंधळ थांबवा, न्हाईतर फुटबॉल आत्ताच बंद!"

उशीर केला ह्यांनी, आणि शिक्षा पोरांना! मी भडकून तणतणत माइककडं निघालो.

माझा सदरा कुणीतरी ओढला. अफरोजची बहीण शाहिस्ता, चौथीतली. मुठीत पन्नासाचं तिकीट.

"गुरुजी, ह्याच्यात सावली मिळते, बराबर?"

"व्हय गं लेकरा. पण आता सावली उरलीय कुठं?"

तिनं बोट केलं. स्टेजवर मंडप होता, मंडपाखाली कूलर होता, आणि कूलरसमोर अध्यक्ष होते.

मी काही म्हणायच्या आत ती टणाटणा पायऱ्या चढली. अध्यक्षांच्या हातात तिकीट ठेवलं. "उठा साहेब, ही जागा माझी हाय."

अध्यक्ष गडबडून उठले! शाहिस्ता त्या खुर्चीत बसली, माइक जवळ ओढला आणि ओरडली, "भाईजान, खेल शुरू करो!"