वरच्या पायरीची मुंगसं

एका जंगलात, मुलांनो, मुंगसं पुष्कळ होती आणि नाग त्याहून पुष्कळ. म्हणून मुंगसांनी एक बंधुमंडळ काढलं होतं. त्याचा नियम एकच. कुणाच्या बिळात नाग शिरला की त्या घरच्यांनी शिट्टी मारायची, आणि ती ऐकली की प्रत्येक बंधूने हातातलं काम टाकून धावायचं. पद्धत फार जुनी होती. तिच्यामुळेच मुंगसं टिकली होती.

पण नुसतं धावण्यात मान कसला, असं अंतोबाला वाटू लागलं. अंतोबा म्हणजे मंडळातला सर्वांत वयस्कर बंधू. त्याचे गुडघे दुखत, हेही एक कारण असावं. पण वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलू नये. त्याने मंडळात एक वरची पायरी काढली. खालच्या पायरीवरच्यांनी धावायचं, वरच्यांनी चिंतन करायचं.

वरच्या पायरीची दीक्षा मोठी बघण्यासारखी असे. डोळे मिटून वारुळाभोवती फिरायचं. मग शेपटीला गेरू लावून घ्यायचा. शेवटी अंतोबा कानात गुपित सांगे. तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. "नाग म्हणजे काय हे ज्याला कळलं, त्याला धावावं लागत नाही." कुणालाच ते कळत नसे. पण तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून सगळे गंभीर चेहऱ्याने मान डोलवत. मध्येच डोळे उघडले तर मात्र दीक्षा कायमची हुकली.

हळूहळू जो तो गेरूची शेपटी मिरवू लागला. उरला एकटा हरबा. घरात लहान पिल्लं, त्यांच्यामागे त्याला सवडच होत नव्हती. पण त्याच्या बायकोला, सगुणाला, शेजारणींच्या नवऱ्यांच्या शेपट्या डोळ्यांत खुपत. एकदाची घेऊन टाका ती दीक्षा, असा तिने रोजचा धोशा लावला. शेवटी हरबा तयार झाला.

दीक्षेच्या दिवशी तो डोळे मिटून वारुळाभोवती फिरत होता. गेरू कालवून ठेवला होता. तेवढ्यात त्याच्याच बिळाकडून सगुणाची शिट्टी आली. नाग आला होता, आणि पिल्लं आत होती.

सगळ्यांचे कान टवकारले. खालच्या पायरीवरचं कोण धावतंय, म्हणून प्रत्येकाने आजूबाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं. मग सगळे चिंतनाला बसले.

"अंतोबाकाका, माझी पिल्लं आहेत हो तिथे," हरबा म्हणाला.

"कळतंय रे बाबा. आम्हालाही वाईटच वाटतंय. पण डोळे उघडू नकोस. जन्माचा मान घालवून बसशील."

हरबाने डोळे उघडले आणि तो सुसाट पळाला.

बिळाच्या तोंडाशी सगुणा नागासमोर एकटीच उभी होती. पुढे जे झालं ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. हरबाचा कान फाटला, नाग मेला आणि पिल्लं वाचली, एवढं पुरे. गोष्टीत इथवर आलो की मला दर वेळी हायसं वाटतं.

"एवढी शिट्टी मारली, बाकी कुणी कसं आलं नाही?" सगुणाने धापा टाकत विचारलं.

"सगळे वरच्या पायरीवर आहेत."

"मग तुम्ही आपले खालीच राहा," ती म्हणाली आणि त्याचा कान चाटू लागली.

तिकडे वरच्या बंधूंची सभा भरली. हरबाने दीक्षा मोडली याबद्दल एकमताने खेद व्यक्त करण्यात आला. त्याला पुन्हा कधी वर घ्यायचं नाही, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतोबा हळूच हरबाच्या दारात आला. खाकरून म्हणाला, "हरबा, तुझ्या शेजारची ही जागा रिकामी आहे का रे? म्हटलं, इथेच नवं बीळ खणावं."

हरबा उत्तर देणार, तोच त्याचं लक्ष अंतोबाच्या मागे गेलं. गेरूच्या शेपट्यांची रांग थेट वारुळापर्यंत लागली होती, आणि पुढचे दोघे जागेवरून भांडत होते.

तात्पर्य: मुलांनो, खूप मोठे व्हा आणि वरच्या पायरीवर अवश्य चढा. फक्त घर घेताना, शेजारी कुणीतरी खालच्या पायरीवरचा आहे ना, एवढं बघून घ्या.